कातरीनबायचा फायटर आणि त्याची शेपटी

दुकानाचं शटर मी अर्धं उचललेलं असायचं, तेवढ्यात खालून एक बरणी आत यायची आणि तिच्यामागून आवाज, "याची शेपटी झडलीय. औषध द्या." नमस्कार नाही, चमत्कार नाही. बरणीत गढूळ पाणी, पाण्यात फायटर मासा आणि फायटरच्या मागे शेपटीच्या जागी नुसती लक्तरं. माणिकपूरला स्टेशनजवळ माझं शोभेच्या माशांचं दुकान होतं. तिथे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आमची ही सांगते, मी झोपेतही "पाणी कधी बदललं होतं?" असं खेकसायचो.

ज्यांनी फायटर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोटाएवढा मासा. कधी लाल, कधी निळा, कधी वांग्यासारखा जांभळा. पंख आणि शेपटी अंगापेक्षा मोठी, पदरासारखी लोंबणारी. सगळी किंमत त्या शेपटीचीच. नराला दुसरा नर दिसला की तो कल्ले फुगवतो, पंख ताणतो आणि तुटून पडतो, म्हणून नाव फायटर आणि म्हणून एका बरणीत एकच. शिवाय हा मासा अधूनमधून वर येऊन तोंडाने हवा घेतो, त्यामुळे त्याला पंप लागत नाही. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात घरात काचेची मोठी टाकी मांडायची म्हणजे थाटच होता. बरणीतला फायटर मात्र कपाटावर, खिडकीत, कुठेही मावायचा. त्याला पंप लागत नाही एवढं ऐकून लोक समजायचे की त्याला काहीच लागत नाही. स्वच्छ पाणीसुद्धा.

शेपटी का झडते? मी हे हजारदा सांगितलं असेल, आणखी एकदा सांगतो. पंख सरळ रेषेत चिरला असेल, तर तो कशाला तरी अडकून फाटलाय. प्लॅस्टिकचं झाड, टोकदार शिंपला, असलं काहीतरी. ते काढा, पंख आपोआप भरून येतो. कडा काळपट किंवा लालसर होऊन रोज थोडी थोडी खाली सरकत असेल, तर ती कुज. ती घाणेरड्या पाण्याने होते. पाणी बदला, चिमूटभर जाडं मीठ टाका, फारच झालं असेल तर निळं औषध थेंबाथेंबाने. आणि कडा स्वच्छ आहे, पण अर्धचंद्रासारखे लचके निघालेत, तर कोणीतरी चावलंय. बरणीत दुसरं कोणी नसेल तर चावणारा तोच. हो, हा मासा कावला की स्वतःची शेपटी स्वतः खातो. माणसं निदान नखांवर थांबतात.

म्हण आहे ना, दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला. आमच्या धंद्यात नेमकं उलटं होतं. दुखणं पखालीला, म्हणजे पाण्याला असायचं आणि लोक इंजेक्शन हल्याला मागायचे. "पाणी बदला" म्हटलं की गिऱ्हाइकाचं तोंड उतरायचं. "ते करू हो, पण औषध?" निळ्या औषधाची बाटली हातात पडल्याशिवाय माणूस पायरी उतरत नसे, आणि घरी जाऊन ती आख्खी बरणीत ओतत असे. मग निळा मासा निळ्या पाण्यात शोधायला मला बोलवायचे.

एका बाईंनी हळद टाकली. का, तर जखमेवर हळद लावतात. मासा पिवळ्याधमक पाण्यात हळदीला बसल्यासारखा दिसत होता आणि बाई मला विचारत होत्या, "थोडं तूपही घालू का?" बँकेत कामाला असलेल्या एका गृहस्थांना एकट्या माशाची दया आली. त्यांनी दुसरीकडून आणखी एक नर आणला आणि दोघांना एका टाकीत सोडून सत्यनारायणाला निघून गेले. परत आले तेव्हा प्रसाद त्यांच्या हातात होता आणि टाकीत दोन मुंडकी, शेपटी एकालाही नाही. "भावाभावांसारखे राहतील असं वाटलं होतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, अगदी तसेच राहिले." आणि वाडीवाले एक काका तर सगळ्यांवर कडी. त्यांच्या फायटरची शेपटी कुजत होती. मी सांगितलं, स्वच्छ, मोकळ्या पाण्यात ठेवा. त्यांनी तो नेऊन केळीच्या बागेतल्या बावखलात, म्हणजे शिंपण्यासाठी खोदलेल्या तळ्यात, सोडला. दुसऱ्या दिवशी हजर. "सोडला हो मोकळ्या पाण्यात. आता त्याला बाहेर कसा काढू?" मी कपाळाला हात लावला. बावखलावरच्या खंड्याने तो प्रश्न एव्हाना सोडवलेला असणार, हे त्यांना सांगण्याची हिंमत मात्र झाली नाही.

अशा सगळ्या पालथ्या घड्यांवर पाणी ओतून ओतून माझा स्वभाव बिघडला होता. त्यातच कातरीनबाय आली.

कातरीनबाय किल्ल्याच्या बाजूला समुद्रकाठच्या वस्तीत राहायची. जातीची कोळीण, धर्माने ख्रिस्ती. आयुष्यभर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन घरोघर फिरलेली. नवरा कधीच वारलेला, गुडघ्यांनी दगा दिल्यावर पाटी सुटलेली, आणि एकुलता एक मुलगा फ्रान्सू बोटीवर कामाला लागलेला. बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी फ्रान्सूनेच माझ्याकडून एक लालभडक फायटर नेला होता. "आई एकटी राहणार. घरात काहीतरी जिवंत असू दे," तो म्हणाला होता. मी त्याला पाणी, मीठ, खाणं, सगळं समजावलं. त्याने मान डोलावली आणि तो गेला. समजावायचं होतं ते त्याच्या आईला.

काही महिन्यांनी ती एसटीने आली. काखेत टोपली, टोपलीत फडक्याने बांधलेली बरणी.

"ह्येची शेपटी गेली," तिने बरणी माझ्यापुढे आदळली. "बाकी ताजा हाय. मी कल्ला उघडून बघितला."

"काय केलंत?"

"कल्ला उघडून बघितला. आत लालभडक हाय. ताजा हाय."

जिवंत माशाला हातात धरून, त्याचा कल्ला वर करून, तो ताजा आहे की नाही हे बघितलं होतं या बाईने! माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाय, तो पोहतोय म्हणजे ताजाच असणार ना!"

"मना शिकवतोस? माझा जल्म मासलीत गेला."

"मेलेल्या मासळीत गेला. ही जिवंत आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं पापलेटाचा भाव पाडून मागणाऱ्याकडे ती पाहत असेल. पण बरणी उचलली नाही. मी शेपटी बघितली. कडा स्वच्छ, काळं नाही, लाल नाही. लचके. आणि लचके तेवढ्याच जागी, जिथे मागे वळल्यावर त्याचं स्वतःचं तोंड पोहोचतं. पुढचे पंख अगदी शाबूत. पाणीही स्वच्छ होतं, हे मला कबूल करणं भाग होतं. पाण्याच्या बाबतीत कोळणीला नाव ठेवायला जागा नव्हती.

मी मासा दुकानात ठेवून घेतला. चर्चच्या आवारातल्या बदामाच्या झाडाखालून वाळकी, तांबूस पानं उचलून आणायची आणि ती पाण्यात भिजवायची, ही युक्ती मला मुंबईच्या एका जुन्या मासेवाल्याने शिकवली होती. पाणी चहासारखं होतं, मासा शांत होतो आणि जखम चिघळत नाही. तिथला झाडलोट करणारा माणूस मला वेडा समजायचा, कारण त्याने गोळा केलेल्या कचऱ्यातून मी निवडून निवडून पानं घ्यायचो. कातरीनबायच्या फायटरला त्या पाण्यात एकटा, आडोशाला ठेवला. शेपटीच्या कडेला नवीन, काचेसारखा पातळ पडदा फुटायला लागला. हा पडदा दिसला की मला अजूनही बरं वाटतं. या धंद्यात कोणी पाठ थोपटत नाही, तो पडदाच काय तो.

ती घेऊन गेली. आणि थोड्याच दिवसांनी परत आली. शेपटी गायब.

पुन्हा दुकानात ठेवला, पुन्हा भरली. पुन्हा घरी गेला, पुन्हा गायब. तिसऱ्या वेळी मी तिला स्टुलावर बसवलं आणि फौजदारासारखी उलटतपासणी घेतली.

"आसपास मांजर येतं?"

"नाय."

"कोणी पोरं बरणी हलवतात?"

"घरात हाय कोन हलवायला?"

"रेडिओ शेजारी ठेवलाय? चुलीजवळ?"

"नाय रे बाबा."

"मग कुठे ठेवलाय?"

"चांगल्या जागी ठेवलाय."

"चांगल्या म्हणजे कुठे?"

"घरातली सगल्यात चांगली जागा हाय ती. तुझ्या ह्या दुकानापरीस चांगली."

याच्यापुढे ती हलेना. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ नये असा माझा नियम होता. एकदा गेलं की चहा, मग शेजाऱ्यांचे मासे, मग शेजाऱ्यांच्या कोंबड्या. पण तो मासा घरी जाऊन स्वतःला खात होता आणि इथे येऊन बरा होत होता, म्हणजे दोष त्या चांगल्या जागेत होता. बुधवारी माझं दुकान बंद असायचं. त्या बुधवारी संध्याकाळी मी चडफडत किल्ल्याकडे गेलो.

छोटं कौलारू घर, समोर वाळत टाकलेले बोंबील. आत गेल्या गेल्या समोरच्या भिंतीवर देवाची जागा होती. ख्रिस्ताच्या पवित्र हृदयाची मोठी तसबीर, काचेची, आतलं चित्र जुनं होऊन काळवंडलेलं. तसबिरीपुढे फळी. फळीवर रात्रंदिवस जळणारा विजेचा लहानसा लाल दिवा. आणि दिवा व तसबीर यांच्या मधोमध, तसबिरीच्या काचेला अगदी चिकटून, आमचे रुग्ण.

मला एका क्षणात सगळं कळलं. मागे काळोखं चित्र, वर काच, पुढून दिवा. काचेचा आरसा झाला होता. माशाला चोवीस तास आपल्याच तोंडासमोर एक दुसरा लाल नर दिसत होता. हा फुगायचा, तोही फुगायचा. हा पळायचा नाही, तोही पळायचा नाही. दिवसरात्र शत्रू दारात, आणि चावायला मात्र सापडत नाही. शेवटी जे सापडलं ते तो चावला.

"बाय!" मी ओरडलोच. "देवासमोर ठेवलात?"

"मग? फ्रान्सू बोटीवर, त्याने दिलेला जीव. देवाच्या पायाशी नाय ठेवनार तर काय मोरीत ठेवू?"

मी तोंड उघडलं, पण ती म्हणाली, "गप बस जरा. जपमालेची वेल झाली. तू बघ आता, मग बोल."

तिने फळीवर दोन मेणबत्त्या लावल्या, जपमाळ घेतली आणि गुडघे दुखतात म्हणून स्टुलावरच बसली. जपमाळेची प्रार्थना दोघांनी मिळून म्हणायची असते. अर्धी एकाने, उरलेली अर्धी उत्तरादाखल बाकीच्यांनी. घरात बाकीचं कोणी नव्हतं. तिने आपली अर्धी म्हटली आणि थांबली. मेणबत्त्यांच्या उजेडात काच आणखी लखलखली आणि मासा ताठ झाला. कल्ले पिसाऱ्यासारखे फुलले, उरलीसुरली शेपटी पंख्यासारखी उघडली आणि तो थरथरत, तोंडाची उघडझाप करत तसबिरीकडे बघत उभा राहिला. मग उरलेली अर्धीही तिनेच म्हटली, पण हळू आवाजात, जणू कोणाच्या आवाजात आवाज मिसळत होती.

"बघितलास?" शेवटचा मणी झाल्यावर ती म्हणाली. "रोज असाच उभा राहतो. मी अर्धी म्हनते, तो अर्धी म्हनतो."

आता अशा बाईला आरसा, काच, प्रतिबिंब असलं काही समजावणं म्हणजे काय शिक्षा असते, ते मलाच ठाऊक. पण मी समजावलं. मासेवाल्याचं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही. बरणी तिथून उचला, खिडकीच्या कोनाड्यात ठेवा, तीन बाजूंनी कागद लावा. नाहीतर एके दिवशी तो स्वतःला मुळापर्यंत खाईल, जखम चिघळेल आणि मरेल. "फ्रान्सू आला की त्याला काय दाखवाल?" असं म्हटल्यावर ती उठली. बरणी तिने स्वतःच्या हाताने उचलली.

पुढे बरेच दिवस ती आली नाही. मी मनातून खूश होतो. गिऱ्हाईक परत येत नाही, हीच या धंद्यातली शाबासकी.

मग एक दिवस ती आली, टोपली काखेत. तिने फडकं सोडलं आणि मी बघतच राहिलो. शेपटी पूर्ण भरलेली, जन्मात नव्हती इतकी लांब, लाल, कडेला एक चीर नाही. मी शेजारच्या दुकानदारालाही हाक मारणार होतो.

"काय झालाय बघा हो बाय! राजा झालाय राजा!"

"मेलेला पापलेट झालाय," ती म्हणाली. तिचा आवाज तापलेला होता, पण डोळे भरलेले होते. "जपमालेला ढुंकून बघत नाय. मी म्हनते, मी थांबते, तो आपला कोनाड्यात फिरतोय इकडून तिकडं. तू बरा केलास त्याला. आता तो मासाच झाला नुसता."

मला राग आला. तिचा नाही, या असल्या धंद्याचा. कुजलेली शेपटी घेऊन येणारे बरे, असं त्या क्षणी वाटलं. इतका बरा केलेला मासा, आणि बरा झाला म्हणून तक्रार! पण तोडगा काढणं भाग होतं, आणि तोडगा होता. फायटरला दिवसातून थोडा वेळ आरसा दाखवला तर त्याचं काही बिघडत नाही, उलट व्यायाम होतो. त्याला मारत होतं ते रात्रंदिवसाचं युद्ध. मी हातात धरायचा लहान आरसा तिच्यापुढे ठेवला.

"हे बघा बाय. जपमाळेचे दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात ना? पहिल्या दहा मण्यांना हा आरसा बरणीला लावा. तो उभा राहील, पूर्वीसारखा. दहा मणी झाले की आरसा काढा. त्याच्या पुढे मात्र नाही. शेपटी शाबूत राहील आणि तुमची जपमाळही होईल."

तिने आरसा उलटा-सुलटा करून पाहिला. मनातल्या मनात हिशेब चालला होता.

"आनि बाकीच्या चालीस मन्यांना?" तिने विचारलं.

एवढी वर्षं मी लोकांना पाणी बदला, मीठ टाका, झाड काढा म्हणत आलो होतो. शेपटी का झडते याचं उत्तर माझ्याकडे नेहमी तयार असायचं. मी काउंटर पुसत राहिलो. ती आरसा टोपलीत ठेवून निघाली, पायरीवर गुडघा धरून थांबली, मग उतरली.

बुधवारी मी गेलो. का गेलो ते विचारू नका, घरीही कोणाला नीट सांगता आलं नाही. आमचं घर खाडीकाठच्या शेतकऱ्याचं, आमच्याकडे रामरक्षा. मला तिच्या प्रार्थनेतला एक शब्द येत नव्हता. तिने उत्तराचा अर्धा भाग माझ्याकडून घोकून घेतला, पाटीवर मुळाक्षरं घोकून घेतात तसा. पहिल्या दहा मण्यांना मासा उभा राहिला, पुढच्या चाळीसना मी. मी तिचं वाक्य संपायच्या आधीच उत्तर द्यायचो, आणि ती थांबून ओरडायची, "हावऱ्या, मना पुरं करू दे!" कधी मी मधलंच एक वाक्य गाळायचो. तिने मला जितकं फटकारलं तितकं मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून फटकारलं नसेल. दर बुधवारी ठरवायचो, आता पुढच्या वेळी जायचं नाही. आणि पुढच्या बुधवारी पुन्हा जायचो. एरवीच्या दिवशी ते चाळीस मणी ती एकटीच कशी म्हणत असेल, हे मी कधी विचारलं नाही.

फायटर फार जगत नाही. दोन वर्षं, फार तर तीन, आणि दुकानात येईपर्यंत तो मोठाच झालेला असतो. फ्रान्सू मध्ये एकदा घरी येऊन परत बोटीवर गेला होता. त्याच्यानंतर काही महिन्यांनी कातरीनबाय दुकानात आली. या वेळी टोपलीत रिकामी बरणी होती, घासून लखलखीत केलेली.

"गेला," ती म्हणाली. "म्हातारा होऊन गेला. शेपटी पुरी होती."

मग दुकानदाराची सवय, मी मागच्या फळीकडे वळलो. तिथे नुकत्याच आलेल्या फायटरच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या, त्यात एक अगदी तसाच लाल होता.

"हा बघा बाय. तसाच आहे. हा आरसा न दाखवताही फुगतो."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग रिकामी बरणी माझ्या काउंटरवर ठेवली आणि ती माझ्याकडेच सरकवली.

"नको," ती म्हणाली. "तो नुसता उभा राहायचा रे. तू चुकीचं का होईना, बोलतोस तरी."